नववे कलम

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला वायुदलाने सोव्हिएत बनावटीच्या मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला, तेव्हा मी ओझरला मामांच्या घरी होते. मामांची नोकरीतली सगळी वर्षे ओझरच्या विमान कारखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर घरही त्यांनी तिथेच, टाऊनशिपपासून हाकेच्या अंतरावर बांधले. टीव्हीवर उतरलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे उडत होते, बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि मामा खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकवून, एक शब्द न बोलता पडद्याकडे पाहत होते. अभियांत्रिकीला असलेला त्यांचा नातू मधूनच म्हणाला, "आजोबा, करार होता म्हणून एकाहत्तरला रशिया आपल्याकडून लढला ना?" मामांनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितले, "लढला नाही रे तो. मधे उभा राहिला. आणि आपणही त्याला लढ म्हटलं नव्हतं." नातवाचे तेवढ्यावर समाधान झाले. माझे झाले नाही. परतताना दहाव्या मैलापाशी वाहतूक तुंबली, तेव्हाही ते वाक्य डोक्यात घोळत होते. ज्या भारत-सोव्हिएत मैत्रीच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, तिचा खरा ऐवज नेमका किती होता, हा प्रश्न मला यापूर्वी कधी पडलाच नव्हता.

एकाहत्तर साली मी प्राथमिक शाळेत होते. त्या वर्षाचे बरेचसे मला घरातल्या बोलण्यातूनच कळले आहे. पण नाशिकमध्ये सोव्हिएत मैत्रीचा परिचय होण्यासाठी कुणाला एकाहत्तरच्या दिल्लीतल्या मैत्री-करारापर्यंत थांबावे लागले नव्हते. ती त्याआधीच जिल्ह्यात येऊन राहिली होती. मिग विमानांचा व्यवहार १९६२चा. त्याच वर्षीच्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ साली ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले आणि १९६४ साली ओझरच्या माळरानावर कारखाना उभा राहू लागला. इंजिने ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला, अशी कामाची वाटणी होती. लोक त्या कारखान्याला त्याच्या लांबलचक सरकारी नावाने कधी ओळखत नसत. "जावई काय करतात?" या प्रश्नाला "मिगला आहेत" एवढे उत्तर पुरे असे, आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा खुलत असे. पहाटे नाशिकच्या नाक्यानाक्यांवर कामगारांच्या बसगाड्यांसाठी रांगा लागत. टाऊनशिपमध्ये सोव्हिएत तंत्रज्ञ सहकुटुंब राहत, आणि बाजारच्या दिवशी त्या उंच, लालबुंद चेहऱ्याच्या बायका टोपलीवर वाकून, बोटांनी भाव विचारून टोमॅटो घेताना दिसत. काही महिन्यांत त्या दहापर्यंतचे आकडे मराठीत म्हणू लागल्या, असे मामी सांगते. भाजीवाल्याही "खराशो" (छान) म्हणायला शिकल्या होत्या.

मामा रिव्हेटिंगला, म्हणजे पत्रे खिळ्यांनी जोडण्याच्या कामाला, होते. विमानाच्या अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा सांगाड्यावर बसवताना रिव्हेटचे डोके पत्र्याच्या बरोबर सपाटीला यावे लागते. ते केसभर वर राहिले तरी ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाला ते खुपते. मोजण्याची साधने होतीच, पण शेवटचा निवाडा अंगठ्याचा असे. सोव्हिएत तज्ज्ञ पत्र्यावरून अंगठा फिरवत जाई, एखाद्या जागी थांबे, पुन्हा मागे येई आणि खडूने एक बारीक गोल काढून पुढे जाई. त्या गोलातली रिव्हेट काढून पुन्हा मारायची. हे मामा त्याच्याकडून शिकले. दोघांमध्ये धड एक भाषा नव्हती. नकाशे रशियन भाषेतून आलेले, त्यांची भाषांतरे झालेली, दुभाषे हाताशी असलेले. पण खडूच्या गोलाला दुभाष्या लागत नसे. आजही मामा जेवणाच्या टेबलाशी बसले की कडेच्या सनमायक्यावरून त्यांचा अंगठा आपोआप फिरू लागतो आणि कुठे तरी थबकतो.

त्यामुळे ९ ऑगस्ट १९७१ रोजी दिल्लीत परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्ण सिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई ग्रोमिको यांनी शांतता, मैत्री आणि सहकार्याच्या करारावर सह्या केल्याची बातमी रेडिओवरून आली, तेव्हा आमच्या घरात ती नव्या सोयरिकीची म्हणून ऐकली गेली नाही. जुनी सोयरीक आता जाहीर झाली, एवढेच वडीलधाऱ्यांना वाटले. तो दिवस तिसऱ्या श्रावणी सोमवारचा होता. तिसऱ्या सोमवारी निम्मे नाशिक त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला असते, तसे त्या वर्षीही होते. आमच्या घरची मंडळी चिखलाने भरलेले पाय घेऊन संध्याकाळी परतली आणि अंगणातच त्यांना बातमी कळली, असे आई सांगत असे. करार शेवटपर्यंत इतका गुप्त राखला होता की ग्रोमिको आदल्या दिवशी दिल्लीत उतरले तेव्हाही ते नेमके कशासाठी आले आहेत, याची कल्पना फार थोड्यांना होती. दुसऱ्या दिवशी पाराशी, न्हाव्याकडे, शाळेच्या वऱ्हांड्यात एकच बोलणे होते: आता पाकिस्तानची आणि चीनची काय बिशाद!

लोकांना तसे वाटावे, असाच तो काळ होता. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात जे सुरू केले, त्याने पूर्व बंगालमधून माणसांचा लोंढा भारतात लोटला. वर्ष संपेपर्यंत ही संख्या एक कोटीच्या घरात गेली. नाशिकपासून शरणार्थ्यांच्या छावण्या दीड-दोन हजार किलोमीटर दूर होत्या, तरी त्यांची झळ आमच्या घरात आली, आणि आली ती टपाल तिकिटे छापणाऱ्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून. माझे वडील प्रेसमध्ये होते. १५ नोव्हेंबरपासून प्रत्येक टपालावर शरणार्थी साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. आधी कुटुंबनियोजनाच्या चालू तिकिटावरच अक्षरे छापून वेळ निभावली, मग शरणार्थ्यांचे चित्र असलेले वेगळे लालसर तिकीट प्रेसमध्ये छापून निघाले. वडील बोलायला मोजके होते, पण त्या दिवसांत ते घरी आल्यावर आईला म्हणाल्याचे मला आठवते की एकेका तावावर इतकी माणसे एका ओळीत पाहिली की डोळे मिटल्यावरही तीच दिसतात. मामेबहिणीच्या पत्रावर ते तिकीट लावताना मी ते जिभेने ओले केले होते. डिंकाची ती कडवट-गोडसर चव मला अजून आठवते. पाच पैसे ही तेव्हा अगदीच नगण्य रक्कम नव्हती आणि कुणी तक्रार केल्याचेही मला आठवत नाही.

दिल्लीला घाई झाली ती मात्र जुलैमधल्या घडामोडींमुळे. अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) जाऊन आले आणि १५ जुलैला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती भेट जगाला सांगून टाकली. पाठोपाठ वॉशिंग्टनमधले आपले राजदूत लक्ष्मीकांत झा यांना सुचवण्यात आले की चीन मध्ये पडलाच तर १९६२सारखी अमेरिकी मदत या वेळी गृहीत धरू नका. एका बाजूला पाकिस्तान, त्याच्या पाठीशी चीन, आणि आता चीनशी हात मिळवणारी अमेरिका. मसुदा त्याआधीपासून तयार होता, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. १९६९ साली उसुरी नदीकाठी सोव्हिएत आणि चिनी सैनिकांची चकमक झाल्यानंतर मॉस्कोलाच आशियात मित्र हवा होता, आणि तेव्हापासून राजदूत दुर्गाप्रसाद धर मॉस्कोत त्यावर बोलणी करत होते. तेव्हा मागेपुढे पाहत होती ती दिल्ली. अलिप्ततेचे काय, लोक काय म्हणतील, ही काळजी होती. शिवाय १९६८ साली याच सोव्हिएत संघाने पाकिस्तानला शस्त्रे देऊ केली होती, ते शल्यही ताजे होते. म्हणजे जो कागद दोन वर्षे टेबलाच्या खणात पडून होता, तो शरणार्थ्यांच्या लोंढ्याने आणि पेकिंगच्या विमानफेरीने बाहेर काढला. मैत्री दोघांचीही होती आणि गरजही दोघांची होती. हे कळल्यावर मला वाईट वाटले नाही. उलट एकाने दुसऱ्यावर केलेल्या उपकाराच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला जास्त खरी वाटते.

मामांचे ते वाक्य ऐकल्यावर मी कराराचा मजकूर मुळातून वाचला. बारा कलमांचा तो छोटासा दस्तऐवज आहे, शांतपणे वाचायला अर्धा तास पुरतो. सुरुवातीची कलमे वसाहतवाद, वंशभेद, निःशस्त्रीकरण, व्यापार, विज्ञान, कला यांच्याबद्दलची आहेत, आणि त्या काळच्या कोणत्याही दोन सरकारांनी ती सहज लिहिली असती. चौथ्या कलमात सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करतो, असे नोंदवले आहे. त्या एका वाक्यासाठी आपल्या मुत्सद्द्यांनी किती जीव टाकला असेल, हे त्याच्या जागेवरूनच कळते. आठव्यात दोघांनी एकमेकांविरुद्धच्या कोणत्याही लष्करी गटात जायचे नाही, असे ठरले आहे. आणि मग येते नववे. त्यात दोनच गोष्टी आहेत. आपल्यापैकी एकाशी जो तिसरा सशस्त्र संघर्ष करत असेल, त्याला दुसऱ्याने कोणतीही मदत करायची नाही. आणि दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचे सावट आले, तर दोघांनी ताबडतोब एकत्र बसायचे, तो धोका दूर करण्यासाठी सल्लामसलत करायची आणि शांतता व सुरक्षितता राखण्यासाठी योग्य ते परिणामकारक उपाय योजायचे.

सैन्य पाठवण्याचा शब्द त्यात कुठेही नाही.

पारावर ज्या कराराच्या जोरावर माणसे छाती फुगवून बोलत होती, तो करार इतका मोजका होता. मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी मला त्यातल्या संयमाविषयी अधिक आदर वाटू लागला. भावनेच्या भरात माणूस जे बोलतो, त्यातले त्यात काही नव्हते. तुझ्यासाठी मरेन, असे त्यात कुणी म्हटले नव्हते. तुझ्या वैऱ्याला काडीची मदत करणार नाही आणि तू हाक मारलीस की लगेच तुझ्याशी बोलायला बसेन, एवढेच म्हटले होते. ज्यांनी हे लिहिले त्यांनी आपण नंतर काय पाळू शकतो आणि काय नाही, याचा हिशेब लिहिण्यापूर्वीच केला असणार. त्या वर्षी स्वतःला पाकिस्तानचे मित्र म्हणवणारे दोन बलाढ्य देश होते, अमेरिका आणि चीन. शब्दांची कसर त्यांनीही ठेवली नव्हती. डिसेंबरात त्या शब्दांचे काय झाले, ते सगळ्यांच्या समोर आहे.

करार झाला म्हणून मॉस्को लगेच आपल्या मागे डोळे मिटून उभे राहिले, असेही घडले नाही. करारानंतरचे कित्येक आठवडे सोव्हिएत नेते आपल्याला सबुरीचाच सल्ला देत होते. युद्ध टळावे, राजकीय तोडगा निघावा, हेच त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरच्या अखेरीस इंदिरा गांधी मॉस्कोला जाऊन आल्या, आणि तिथे त्यांनी एक कोटी माणसांचे ओझे म्हणजे काय ते समोरासमोर सांगितले, त्यानंतर सोव्हिएत नेत्यांची भाषा बदलू लागली. ऑक्टोबरात सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री निकोलाय फिर्युबिन दिल्लीत आले ते नवव्या कलमाखालच्या सल्लामसलतीसाठी, आणि तसे उघडपणे जाहीर केले गेले. त्यांच्या पाठोपाठ सोव्हिएत वायुदलाचे प्रमुख आले. वचन दिल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत त्यातला 'एकत्र बसू' हा भाग प्रत्यक्षात आला होता, तोही पहिली गोळी सुटण्याआधी.

३ डिसेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपले पश्चिमेकडचे विमानतळ लक्ष्य केले आणि नाशिकमध्ये अंधार सुरू झाला. एकीकडे नोटांचा छापखाना, दुसरीकडे देवळालीची तोफखान्याची छावणी, तिसरीकडे ओझर; आपल्या शहरावर बॉम्ब पडणार, याबद्दल आम्हा मुलांना जराही शंका नव्हती. वडिलांनी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला. खळीसाठी आईने कणीक शिजवली होती. दिव्याला वर्तमानपत्राची टोपी घातली, आणि त्या टोपीतून ताटापुरता जो गोल उजेड पडे त्यात आम्ही सगळे खाली मान घालून जेवत असू. रात्रपाळीला गेलेले मामा दोन-दोन दिवस ओझरहून आमच्याकडे फिरकत नसत. थंडी कडाक्याची होती, रेडिओचा आवाज अगदी बारीक ठेवलेला असे, आणि त्या बारीक आवाजातून सुरक्षा परिषदेचे नाव सारखे येत असे. ही परिषद म्हणजे काय ते मला कळत नव्हते. वडील मात्र तिच्या बातम्या ढाक्याच्या बातम्यांइतक्याच कान देऊन ऐकत.

त्यांचे बरोबर होते, हे मला आज समजते. भारताला त्या पंधरवड्यात सर्वांत जास्त गरज होती ती वेळेची. ढाका हाती येण्याआधी युद्धबंदी लादली गेली असती, तर एक कोटी माणसे छावण्यांतच राहिली असती आणि सगळे बलिदान अर्ध्या वाटेवर अडकले असते. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. पुन्हा आला, पुन्हा वापरला. १३ डिसेंबरला तिसऱ्यांदा. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १०४ देश एका बाजूला आणि ११ दुसऱ्या बाजूला असे मतदान झाले होते, म्हणजे जगाच्या चारचौघांत आपण जवळजवळ एकटे होतो, आणि त्या एकटेपणात एका देशाने हात वर करून ठेवला होता. तो हात खाली आला असता, तर १६ डिसेंबरचा गुरुवार उजाडला असता का, मला सांगता येत नाही. त्याच दिवसांत अमेरिकेने 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका आणि तिचा ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला. व्लादिवोस्तोकहून निघालेल्या सोव्हिएत नौका आणि पाणबुड्या त्या ताफ्याच्या मागावर राहिल्या. चीनने सीमेवर हालचाल केली नाही. त्यात हिमालयातल्या हिवाळ्याचा वाटा होता, तसा चीनच्या उत्तर सीमेवर तैनात असलेल्या सोव्हिएत फौजांचाही होता. एक गोळीही न झाडता मधे उभे राहणे म्हणजे काय, ते यात सगळे आले.

लढले आपले लोक. हे इतके उघड आहे की ते लिहायची गरज पडू नये, पण त्या नातवासारखा प्रश्न जेव्हा येतो तेव्हा ते पुन्हा लिहावेसे वाटते. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. त्यांवर आपले नौसैनिक होते. ९ तारखेला 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली तीही आपल्याच माणसांना घेऊन. १४ डिसेंबरला ढाक्याच्या राजभवनात बैठक चालू असताना त्याच्या छतावर रॉकेट सोडणारी पहिली विमाने गुवाहाटीहून उडालेली मिग-२१ होती. ही बातमी ओझरच्या कँटीनमध्ये पोहोचली तेव्हा पेढे वाटले गेले. मामांनी पेढा घेतला, पण ते सांगतात की त्या रात्री झोप लागली नाही. आपण अंगठा फिरवून गुळगुळीत केलेला पत्रा कदाचित त्या विमानावर असेल, याचा अभिमान होता. आणि त्या छताखाली कारकून, शिपाई, पाणी देणारी माणसेही असतील, हा विचारही त्याच्याबरोबर आला होता. दोन्ही एकाच वेळी होते, असे ते म्हणतात, आणि त्यांतले एक खोटे म्हणून टाकून द्यायला ते आजही तयार नाहीत. मीही नाही.

मात्र पाळलेल्या वचनाची परतफेड करावी लागते, आणि ती आपण केली. १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. जानेवारी १९८०मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या प्रतिनिधीने जे निवेदन केले, त्यात त्या फौजा अफगाण सरकारच्या विनंतीवरून गेल्या आहेत, अशी सोव्हिएत बाजूच मांडली गेली. दिल्लीतून खासगीत जे सांगितले जात होते ते त्याहून कडक असले, तरी जगाने ऐकले ते हेच. मी तेव्हा कॉलेजात जाण्याच्या वयाची होते. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त, जाड कागदाची मराठी पुस्तके वाचून मोठी झालेली, शाळेच्या वह्यांना सोव्हिएत मासिकांचे गुळगुळीत रंगीत कागद घालणारी मुलगी. काबूलहून पेशावरकडे निघालेल्या बायकामुलांचे फोटो वर्तमानपत्रात पाहिले, तेव्हा मला वडिलांच्या तिकिटाच्या तावावरची माणसे आठवली. एका देशाच्या शरणार्थ्यांसाठी आपण जगाच्या विरोधात उभे राहिलो, आणि दुसऱ्या देशाच्या शरणार्थ्यांच्या वेळी आपला आवाज इतका दबला. वडिलांना मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "डिसेंबर एकाहत्तरला ज्यानं हात वर धरला, त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं?" मला ते उत्तर तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही, पण ते कुठून आले ते मला पूर्ण समजते. नवव्या कलमात असे गप्प बसण्याची अट नव्हती. ती आपणच कृतज्ञतेपोटी आणि गरजेपोटी त्याला जोडली. कराराच्या शब्दांत जो संयम होता तो आपण कृतज्ञतेतही ठेवायला हवा होता, असे माझे मत आहे.

करार वीस वर्षांचा होता. १९९१च्या ऑगस्टमध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ज्याच्याशी केला होता तो देशच उरला नाही. ओझरला ही बातमी वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी आली नाही. ती सुट्या भागांच्या टंचाईच्या रूपाने आली. काल ज्या एका सरकारकडे मागणी पाठवली की माल येई, त्याच्या जागी आज वेगवेगळ्या देशांतले वेगवेगळे कारखाने होते. पत्ते बदललेले, चलन बदललेले, किमती बदललेल्या. १९९३च्या जानेवारीत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले आणि नवा मैत्रीचा करार झाला. त्यात सुरक्षेचे ते जुने नववे कलम नव्हते. ते का नव्हते, हे कळण्यासारखे आहे. रशियाला तेव्हा स्वतःलाच सावरायचे होते, आणि चीनशी असलेले त्याचे जुने वैरही निवळले होते. ज्या गरजेतून कलम जन्मले ती गरज संपली आणि कलमही गेले. मैत्री हा शब्द मात्र शीर्षकात राहिला.

आम्ही ज्यांना सरसकट 'रशियन' म्हणत होतो त्यांतला कोण कुठला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. मामांना खडूचा गोल काढून दाखवणारा तज्ज्ञ युक्रेनचा होता. त्याने हे कधी तरी नकाशाच्या मागे पेन्सिलीने नदी काढून सांगितले होते, आणि मामांनी ते फार मनावर घेतले नव्हते. तेव्हा तो एकच देश होता. फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध पेटले आणि संयुक्त राष्ट्रसंघात भारत तटस्थ राहिला, त्या दिवसांत मामा टीव्हीसमोरून उठत नसत. ज्या करारातल्या मित्राने आपल्याला सांभाळले, त्या मित्राचेच दोन तुकडे एकमेकांशी लढत होते, आणि त्यांतल्या कुठल्या तुकड्याचे आपण देणे लागतो, हे सांगणारे कलम कुणी लिहिलेले नव्हते. लोक चर्चेत रशियाचे एकाहत्तरचे उपकार काढत, तेव्हा मामा चिडत. ते म्हणत, तो नकाराधिकार रशियाचा नव्हता, सोव्हिएत संघाचा होता. त्यात माझ्या त्या माणसाचाही हात होता. या म्हणण्याला कायद्यात जागा नसेल, सुरक्षा परिषदेतली ती खुर्ची रशियालाच वारशाने मिळाली आहे. तरीही देशांच्या हिशेबात न बसणारे असे काही माणसांच्या हिशेबात असते आणि मामांनी ते जपून ठेवले आहे.

मिगच्या निरोपानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या जोडणी-साखळीतून तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. मामांचा नातू त्या दिवशी इतका हरखला होता की त्याने मला फोन करून फोन आजोबांच्या हातात दिला. मामांनी विमानाचे कौतुक केले, पंख चांगले बसलेत म्हणाले, आणि मग विचारले की इंजिन कुणाचे. इंजिन अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे, आणि ती इंजिने वेळेवर येत नसल्याने विमाने रखडली होती, हे त्यांना नातवाने आधीच सांगितले असणार. तरी त्यांना ते माझ्याकडून ऐकायचे होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात ज्या देशाचा ताफा आपल्या उपसागरात आला होता, त्याच देशाचे इंजिन आता त्यांच्या कारखान्यात बसते आहे, याचा त्यांना राग नव्हता. देश बदलतात हे त्यांनी पुरेसे पाहिले आहे. त्यांनी फक्त विचारले, "त्यांच्याशी लिहून काय घेतलंय?" मी त्यांना सांगितले की २०१६ साली रसद वापरू देण्याचा, २०१८ साली संदेशवहनाचा आणि २०२० साली नकाशांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा, असे करार झाले आहेत. आपल्याशी लढणाऱ्याला मदत करणार नाही, असे त्यांतल्या कोणत्याही करारात लिहिलेले नाही.